क्षयाच्या गोळ्या आणि कावीळ

क्षयरोग बरा करणाऱ्या गोळ्यांनीच काही रुग्णांना कावीळ होते. डॉक्टरांनी लिहून दिलेल्या औषधांमुळे यकृताला जी इजा होते, तिचे भारतातले सर्वांत मोठे कारण हेच आहे. आयसोनियाझिड, रिफाम्पिसिन आणि पायराझिनामाइड ही तिन्ही औषधे यकृताला त्रास देऊ शकतात; चौथे, इथॅम्ब्युटॉल, सहसा देत नाही. पहिले 2 महिने चारही औषधे एकत्र चालतात आणि बहुतेक इजा याच काळात होते. आयसोनियाझिड पचवताना यकृतात विषारी घटक तयार होतात. ते निकामी करण्याचा वेग प्रत्येकाचा जन्मजात वेगळा असतो. दारू, कुपोषण, उतारवय आणि हिपॅटायटिस बी यांनी धोका वाढतो.

यवतमाळ जिल्ह्यात झरी जामणी किंवा केळापूर तालुक्यातल्या एखाद्या कोलाम आदिवासींच्या पोडावर, म्हणजे वस्तीवर, औषध मोफत पोहोचते. रक्ततपासणी मात्र तितकी जवळ नसते. म्हणून लक्षणे ओळखता येणे तिथे फार मोलाचे. रिफाम्पिसिनने लघवी नारिंगी होते, घाम आणि अश्रूही रंगतात. ती कावीळ नव्हे, त्यासाठी गोळ्या सोडू नयेत. पण अन्नावरची वासना उडाली, सतत मळमळ-उलटी होऊ लागली, उजव्या बरगडीखाली दुखू लागले किंवा डोळ्यांचा पांढरा भाग पिवळा झाला, तर त्याच दिवशी गोळ्या थांबवून आरोग्य केंद्र गाठावे. अशी कावीळ वेगळाच आजार समजून झाडपाला घेत राहणे आणि गोळ्याही चालू ठेवणे, यात जीव जाऊ शकतो.

क्षयाच्या गोळ्यांखेरीज इतर काही औषधांनीही कावीळ होते; ती यकृताच्या पेशींऐवजी पित्ताच्या वाटेवर आघात करतात. अमोक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनिक आम्ल हे नेहमीचे प्रतिजैविक त्यांपैकी एक. अंगभर खाज सुटते, शौच फिकट होते; कधीकधी हे सारे औषध संपल्यावर काही आठवड्यांनी दिसते. क्वचित यकृतातल्या बारीक पित्तनलिकाच नाहीशा होतात.

क्षयाच्या रुग्णात रक्तातले एसजीपीटी हे यकृताची इजा दाखवणारे विकर सामान्य कमाल मर्यादेच्या 5 पट झाले, किंवा लक्षणांसह 3 पट झाले, तर यकृतावर परिणाम करणारी औषधे थांबवतात. यवतमाळच्या श्री वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयासारख्या रुग्णालयात मधल्या काळासाठी पर्यायी औषधे देता येतात. आकडा 2 पटींखाली आला की एकेक औषध पुन्हा सुरू करतात, सहसा आधी रिफाम्पिसिन, मग आयसोनियाझिड. इजा गंभीर झाली असेल तर पायराझिनामाइड कायमचे वगळतात आणि 6 महिन्यांचा उपचार 9 महिन्यांपर्यंत लांबतो.