विश्लेषण : मुलांना ताप आणि अंगावर पुरळ, तळहात-तळपाय का पाहावेत?

पावसाळ्यात आणि त्यानंतरच्या महिन्यांत लहान मुलांना ताप येतो, पाठोपाठ अंगावर पुरळ उठते. घरी ते गोवर, ‘उष्णता’ किंवा औषधाची रिअ‍ॅक्शन समजले जाते. डेंग्यूची चाचणी निगेटिव्ह आली की कारण अज्ञातच राहते. वर्धा जिल्ह्यासह विदर्भात अशा तापामागे ‘रिकेट्सिया’ गटातील जिवाणू असू शकतात. वेळेत ओळखला तर हा आजार स्वस्त औषधाने बरा होतो. उशीर झाला तर जिवावर बेततो.

हा आजार कसा होतो?

यात मुख्यतः दोन आजार येतात. गोचिडीच्या चाव्यातून ‘स्पॉटेड फिव्हर’ होतो, तर गवत-झुडपांतील सूक्ष्म किडीच्या अळ्यांमुळे ‘स्क्रब टायफस’. २०१८च्या पावसाळ्यात स्क्रब टायफसने नागपूर विभागात बळी घेतले होते. अकोल्यातील बालरोगतज्ज्ञांनी मुलांमधील स्पॉटेड फिव्हरची नोंद केली आहे. सेवाग्रामच्या महात्मा गांधी वैद्यकीय विज्ञान संस्थेतही या आजारांवर संशोधन झाले आहे.

पुरळ कसे ओळखावे?

हे जिवाणू रक्तवाहिन्यांच्या आतील अस्तराला इजा करतात. त्यातूनच पुरळ उठते. स्पॉटेड फिव्हरमध्ये ते तळहात आणि तळपायांवरही दिसते. गोवरात खोकला, वाहते नाक व लाल डोळे असतात आणि पुरळ कानामागून, चेहऱ्यावरून खाली पसरते. हात-पाय-तोंडाच्या आजारातही तळहातांवर पुरळ येते, पण ते फोडांसारखे असते आणि तोंडात व्रण होतात. स्क्रब टायफसमध्ये काख, जांघ किंवा कमरेवर चाव्याच्या जागी काळी खपली आढळू शकते. ती दुखत नाही, म्हणून नजरेतून सुटते.

निदानास उशीर का होतो?

सुरुवातीला ताप, डोकेदुखी, उलटी एवढीच लक्षणे असतात. प्लेटलेट कमी झाल्या की संशय डेंग्यूवर जातो. प्रतिपिंडे तयार होण्यास वेळ लागत असल्याने पहिल्या आठवड्यात रक्तचाचणी निगेटिव्ह येऊ शकते. त्यामुळे अहवालाची वाट न पाहता लक्षणांवरून उपचार सुरू करावे लागतात.

उपचार काय?

डॉक्सिसायक्लिन हे यावरील प्रमुख औषध. दातांवर डाग पडतील या भीतीने ते आठ वर्षांखालील मुलांना टाळले जात असे; आता या आजारात अल्प मुदतीसाठी ते लहान मुलांनाही दिले जाते. बहुधा ४८ तासांत ताप उतरू लागतो. नेहमीची पेनिसिलिन गटातील अँटिबायोटिक्स येथे उपयोगी पडत नाहीत. औषध मात्र डॉक्टरांच्या सल्ल्यानेच द्यावे.

पालकांनी काय करावे?

मूल गोठ्यात, शेतात किंवा कुत्र्यासोबत खेळले असेल, तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगावे. अंघोळ घालताना काख, जांघा आणि केसांत गोचीड किंवा खपली आहे का, ते पाहावे. काचेचा पेला दाबूनही न फिकटणारे डाग, सुस्ती, झटके किंवा धाप दिसल्यास तातडीने रुग्णालय गाठावे. गोवर-रुबेलाची लस नऊ महिन्यांनी आणि १६ ते २४ महिन्यांदरम्यान दिलेली असल्यास त्याचे कार्ड सोबत न्यावे. निदान करताना डॉक्टरांना त्याची मदत होते.