बांगडा कुठल्या कपाटात ठेवायचा?

गावचं वाचनालय : लेखांक 7

जून-जुलैत यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते. मालवणच्या किनाऱ्यावर होड्या वर ओढून शाकारलेल्या असतात, जाळी तुणायला पडवीत आलेली असतात. वर्षभर ज्यांचं तोंड दिसत नाही, असे वाचक याच दोन महिन्यांत आमच्या वाचनालयाची पायरी चढतात. काही वर्षांपूर्वी अशाच पावसात एक खलाशी छत्री दाराशी उघडीच ठेवून आत आला आणि म्हणाला, "बाईनु, बांगड्याचा पुस्तक आसा?"

होतं. एक सोडून तीन होती. पण ती काढायला मला अर्धा तास लागला, कारण तिन्ही वेगवेगळ्या कपाटांत होती. पहिलं प्राणिशास्त्रात, दुसरं शेती आणि मत्स्यव्यवसायात, तिसरं पाककृतींत. शिवाय गरवण्यावरचं, म्हणजे गळ टाकून मासे पकडण्याचं, एक चौथं पुस्तक होतं. ते खेळांच्या फळीवर क्रिकेटच्या पुस्तकांना टेकून उभं होतं. त्या माणसाला हवं होतं ते वेगळंच. "बांगडो एका वर्षी लोटता आणि दुसऱ्या वर्षी दिसना नाय, ता कित्या?" असा त्याचा प्रश्न. त्याचं थोडंफार उत्तर पहिल्या पुस्तकात होतं. कपाटावर 'प्राणिशास्त्र' अशी चिठ्ठी होती. मी नसते तर त्या कपाटाकडे तो आयुष्यात गेला नसता.

मागच्या लेखात आपण दाखल नोंदवही पाहिली. पुस्तक आलं, शिक्का बसला, दाखल क्रमांक पडला. आता त्याला घर द्यायचं. नव्या वाचनालयांचे कार्यकर्ते मला सर्वांत जास्त विचारतात ते याच टप्प्यावर: विभाग किती करायचे, आणि कोणते?

पुस्तकं त्या चार जागी का गेली, ते आधी सांगते. ग्रंथपालनाच्या वर्गात आम्हांला दशांश वर्गीकरण शिकवलं होतं. अमेरिकेतल्या ॲमहर्स्ट कॉलेजच्या ग्रंथालयात काम करताना मेलव्हिल ड्यूई यांनी ते तयार केलं आणि 1876 मध्ये छापलं. सगळ्या ज्ञानाचे दहा भाग, प्रत्येकाचे पुन्हा दहा, त्यांचे पुन्हा दहा. मासा हा प्राणी म्हणून 597, मासेमारीचा धंदा 639, स्वयंपाक 641, आणि मौजेखातर गरवणं 799. क्रिकेट 796 मध्ये, म्हणून ते शेजारी. पद्धतीत चूक काहीच नाही. तिला बांगडा दिसत नाही, बांगड्याकडे बघण्याच्या चार नजरा दिसतात. प्राणिशास्त्राचा प्राध्यापक आणि सुगरण एकाच फळीशी येणार नाहीत, हे तिने धरलेलं आहे. ॲमहर्स्टला ते बरोबर असेल. आमच्याकडे मात्र मासा आणणारा, तो रांधणारी आणि त्याच्याबद्दल शाळेत प्रकल्प लिहिणारं पोर हे एकाच घरातले असतात.

मी एका मे महिन्याच्या सुट्टीत आमची सगळी पुस्तकं या आकड्यांप्रमाणे लावली होती. मराठी साहित्याचा आकडा 891.46. त्यात पुढे 1 लावला की कविता, 2 लावला की नाटक, 3 लावला की कथा-कादंबरी. गावच्या वाचनालयात पुस्तकांचा मोठा भाग याच एका आकड्यात येतो. तेव्हा झालं असं की तीन कपाटं 891.46 ने गच्च भरली आणि तत्त्वज्ञानाच्या शंभराच्या फळीवर चार पुस्तकं एकमेकांना आधार देत उभी राहिली. धर्माच्या दोनशेची तीच गत. त्या शंभर आकड्यांतला बहुतेक भाग ख्रिस्ती धर्माला दिलेला, बाकी सगळे धर्म 290 च्या घरात, आणि हिंदू धर्म तिथेही 294.5 या एका खणात. ज्ञानेश्वरी या खणात ठेवायची की कवितेत, यावर मी दोन दिवस घालवले. एकादशीला पोथी न्यायला येणाऱ्या आजीला या दोन्हींतलं काहीच कळणार नव्हतं. चूक माझी होती. मी पुस्तकांकडे बघून विभाग केले, माणसांकडे बघून केले नाहीत.

आकडे टाकाऊ आहेत असा याचा अर्थ कोणी घेऊ नये. सावंतवाडीचं श्रीराम वाचन मंदिर 1852 पासूनचं. अशा जुन्या, मोठ्या संग्रहात आकड्यांवाचून निभाव लागत नाही. आम्हीही प्रत्येक पुस्तकाच्या मुखपृष्ठामागच्या पानावर पेन्सिलीने वर्गांक लिहून ठेवतो. उद्या संग्रह वाढला तर तो कामाला येईल. पण कपाटावर काय लिहायचं, हा वेगळा प्रश्न आहे.

मला वाट दाखवली ती रंगनाथन यांनी. मद्रास विद्यापीठाचे हे ग्रंथपाल 1924 मध्ये शिकायला लंडनला गेले. तिथे सेल्फ्रिजच्या दुकानात त्यांनी मेकॅनो नावाचं खेळणं पाहिलं. त्याच पट्ट्या, तेच स्क्रू, पण जोडाल तशी वस्तू बनते. विषयही असाच सुट्या भागांचा बनतो, हे त्यांना तिथे उमगलं, आणि 1933 मध्ये त्यांचं द्विबिंदू वर्गीकरण छापून आलं. बांगडा हा एक भाग, पकडणं हा दुसरा, कोकण किनारा तिसरा, पावसाळा चौथा. खलाशाचा प्रश्न या चारही भागांचा मिळून बनला होता. ती पद्धत लहान वाचनालयाला जशीच्या तशी झेपणारी नाही, मी तिच्या वाटेला गेले नाही. पण त्यांनी 1931 मध्ये ग्रंथालयाचे पाच नियम मांडले होते, त्यांतला चौथा मी टेबलाच्या काचेखाली लिहून ठेवला: वाचकाचा वेळ वाचवा.

मग देवघेवीच्या टेबलावर एक शंभरपानी वही ठेवली. दोन महिने, जो येईल त्याने तोंडाने जे विचारलं ते त्याच्याच शब्दांत लिहायचं. पुस्तकाचं नाव सांगितलं तर नाव, नुसता विषय सांगितला तर विषय. या वहीचा नमुना देते, कारण सगळं काम तिच्यावर उभं आहे. 'दळवींचा आरवलीवरचा.' 'आंब्याचो मोहर गळता, त्याच्यावर.' 'दशावतारातली आख्याना.' 'सिंधुदुर्ग किल्ला कधी बांधला, प्रकल्पाक होया.' 'शिंपल्यांची नावं.' 'रडवणारी कादंबरी, पण शेवट चांगलो होयो.' 'ह्यांच्या औषधाक काय खावचा नाय, ता.' 'बोलीभाषेतला नाटक, गावच्या जत्रेत करूक.'

दोन महिन्यांनी वही वाचली तेव्हा विभाग आपोआप दिसू लागले. समुद्र. माड-पोफळी आणि आंबा-काजू. आपला जिल्हा: त्यात 1664 मध्ये कुरटे बेटावर बांधकाम सुरू झालेला तो किल्ला, गावोगावच्या देवस्थानांची माहिती, इथल्या माणसांची चरित्रं. दशावतार आणि लोककला. आजार-आहार. कादंबऱ्यांचेसुद्धा ऐतिहासिक, सामाजिक, रहस्य असे तीन भाग वाचकांनीच केलेले होते, आम्ही फक्त चिठ्ठ्या लावल्या. चिठ्ठीवर 'मत्स्यविज्ञान' न लिहिता 'समुद्र आणि मासे' लिहिलं. चारही पुस्तकं तिथे एकत्र आली, पाककृतीचं सुद्धा. त्यावर एका वाचक वहिनींनी तक्रार केली, की रांदपाची बाकीची पुस्तकं एकीकडे आणि माशांच्या कालवणाचं दुसरीकडे, हे कसं? तक्रार रास्त होती. तिचं काय केलं, ते पुढे येईल.

आता छंदांबद्दल, कारण इथे मी सपशेल फसले. वहीत छंदाचे प्रश्न बरेच होते. शंख-शिंपले, पक्षी, गरवणं, पोस्टाची तिकिटं, बाटलीतली रोपं. ते पाहून मी हौसेने 'छंद' असा विभाग उघडला, चिठ्ठी रंगीत खडूने रंगवली. वर्षभर त्या फळीवर धूळ बसली. विचार केल्यावर कारण कळलं. कोणीही माणूस 'मला छंद हवा' म्हणून येत नाही. गरवणारा माशाकडे येतो. शिंपले गोळा करणारी मुलगी समुद्राकडे येते. ज्याला वेड असतं त्याला ते छंद वाटतच नाही, तो त्या विषयातलाच असतो. दुसरं असं की अशा माणसाला धंदेवाईकाचं ज्ञानही हवं असतं. गळाला कोणतं आमिष लावावं हे वाचता वाचता तो भरती-ओहोटीचं पुस्तक उघडतो. छंदाला वेगळ्या खोलीत बसवलं, की या दोघांमधलं दार आपण बंद करतो. म्हणून तो विभाग मोडला आणि त्यातलं एकेक पुस्तक त्याच्या त्याच्या विषयात नेऊन ठेवलं. शिंपल्यांच्या पुस्तकात मी एक कागद डकवला आहे: जिवंत शंख उचलू नये, काही जाती वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतात, आणि मालवणच्या समुद्राचा काही भाग 1987 पासून सागरी अभयारण्य आहे. मुलं तो कागद वाचतात, एकमेकांना दाखवतात. कागद दुसऱ्या कुठल्या फळीवर असता तर त्यांच्या हाताला लागला नसता.

विभाग कधी उघडायचा आणि कधी फोडायचा, याचा आमचा हिशेब फळीवरून चालतो. एक फळी भरत नसेल तर विभाग करायचा नाही. ती पुस्तकं जवळच्या मोठ्या विभागाच्या शेवटी ठेवायची. एक कपाट भरून वाहू लागलं की मग विभाग फोडायचा, आणि तोही वहीतले प्रश्न दोन वाटांनी जाताना दिसले तरच. नवीन कार्यकर्ते पहिल्याच दिवशी वीस-पंचवीस विभाग आखतात. पाच पुस्तकांच्या विभागासमोर उभा राहिलेला वाचक वाचनालय रिकामं आहे असं समजून परत जातो. 'संकीर्ण' हा तर विभागच नव्हे. तिथे पुस्तक ठेवायचं म्हणजे ठरवायचं काम उद्यावर टाकायचं. आमच्याकडे संकीर्णाची एकच अर्धी फळी आहे, आणि दर दिवाळीत ती रिकामी करायची असा दंडक आहे.

तरीही काही पुस्तकं एका घरात मावत नाहीत. याचं सर्वांत मोठं उदाहरण आपल्याच जिल्ह्यातलं आहे. 1930 मध्ये वेंगुर्ले तालुक्यात बागलांच्या राईला जन्मलेले चिंतामण त्र्यंबक खानोलकर. कवितेत ते आरती प्रभू. 'जोगवा', 'दिवेलागण', 'नक्षत्रांचे देणे' ही आरती प्रभूंची. 'रात्र काळी, घागर काळी', 'कोंडुरा', 'चानी' या खानोलकरांच्या कादंबऱ्या. 'एक शून्य बाजीराव' नाटकांत. म्हणजे एक माणूस दोन नावांनी तीन कपाटांत. आणि चौथ्या, 'आपला जिल्हा' या कपाटावरही त्यांचा हक्क, कारण त्यांच्या लेखनातली झाडं, देवळं, पाऊस सगळं इथलं. कॉलेजातला एक मुलगा दोन वर्षं खानोलकर वाचत होता. आरती प्रभू म्हणजे कोणीतरी कवयित्री, असं त्याला वाटत होतं.

तोडगा पुठ्ठ्याचा आहे. पुस्तकाच्या आकाराचा जाड पुठ्ठा कापायचा, त्याच्या कण्यावर नाव लिहायचं आणि पुस्तक जिथे नाही तिथे तो उभा करायचा. 'ख'च्या जागी पुठ्ठा सांगतो: यांच्या कविता 'आरती प्रभू' या नावाखाली पाहा. कवितांमधला पुठ्ठा उलट दिशेला पाठवतो. जिल्ह्याच्या कपाटातला पुठ्ठा सगळ्या कपाटांची नावं देतो. पाककृतींच्या फळीवर 'माशांची कालवणं: समुद्र आणि मासे' असा पुठ्ठा लागला आणि वहिनींची तक्रार मिटली. डॉ. केतकरांनी महाराष्ट्रीय ज्ञानकोश केला तेव्हा पहिले पाच प्रस्तावनाखंड विषयवार लिहिले, पुढचे अकारविल्हे लावले आणि शिवाय वेगळा सूचिखंड दिला. एवढ्या मोठ्या विद्वानालाही एका मांडणीत सगळं बसवता आलं नाही, हे मी नव्या कार्यकर्त्यांना आवर्जून सांगते. पुस्तकाला जागा एकच, वाटा मात्र कितीही असोत.

किनाऱ्यावरच्या वाचनालयांना एक गोष्ट कुठल्याच अभ्यासक्रमात सांगत नाहीत. कपाटांचा क्रम विषयाने ठरवण्याआधी भिंतीने ठरवा. पाऊस नैऋत्येकडून येतो, त्यामुळे पश्चिम आणि दक्षिणेकडची भिंत ऑक्टोबरपर्यंत ओलसर राहते. आमचं चरित्रांचं कपाट आधी त्या भिंतीला चिकटून होतं. एका पावसाळ्यानंतर मागची रांग बुरशीने एकमेकांना चिकटून आली, सोडवताना पानं निघाली. आता त्या बाजूला वाचनाचं टेबल आहे. सगळी कपाटं भिंतीपासून वीतभर पुढे, आणि खालची फळी जमिनीपासून उंच. बालविभाग तेवढा मुलांच्या हाताला यावा म्हणून खाली आहे, पण तो पूर्वेच्या खिडकीशी.

सध्या आमच्यात एक वाद चालू आहे. मालवणीतल्या पुस्तकांचा वेगळा विभाग करावा का? गंगाराम गवाणकरांचं 'वस्त्रहरण' हे नाटक आहे, तेव्हा ते नाटकांत. मच्छिंद्र कांबळींनी ते जिथे जिथे नेलं तिथे ते नाटक म्हणूनच पाहिलं गेलं. पण वहीत 'बोलीभाषेतला' हा शब्द पुन्हा पुन्हा येतो, आणि मुंबईहून मे महिन्यात आलेली मुलं आजीची भाषा वाचायला म्हणून विचारतात. तरुण मंडळींचं म्हणणं, वेगळं कपाट म्हणजे मान. एका ज्येष्ठ वाचकाचं म्हणणं, वेगळं काढलं की मालवणी नाटक हे आधी नाटक आहे हे लोक विसरतील. मला दोघांचंही पटतं. फळी अजून भरत नाही, म्हणून निर्णय थांबला आहे. 'वस्त्रहरण'च्या दोन प्रती आहेत. एक नाटकांत ठेवली आहे आणि एक 'आपला जिल्हा'मध्ये, आणि कोणती प्रत किती वेळा बाहेर जाते ते या पावसाळ्यात देवघेवीच्या वहीत वेगळं लिहीत आहोत.