धंदा तिचा, मीटर सासऱ्यांच्या नावावर

'अमुक जिल्ह्यातील महिला उद्योजक : एक चिकित्सक अभ्यास.' मराठवाड्यातल्या वाणिज्याच्या कुठल्याही प्राध्यापकाला झोपेतून उठवलं, तरी त्याला हे शीर्षक सुचेल. जिल्ह्याचं नाव बदललं, 'बचत गटांची भूमिका' जोडलं की पुढचा प्रबंध तयार. यात टोमणा असलाच तर तो मलाही लागू आहे, कारण माझा प्रबंधही याच गोत्रातला. मी धर्माबादच्या एका महाविद्यालयात वाणिज्य शिकवते आणि आता पीएच.डी.च्या मुलींची मार्गदर्शक आहे. बाजारात भेटणारे लोक विचारतात, "मॅडम, बायकांच्या धंद्यावर संशोधन म्हणजे तुम्ही नेमकं करता काय?"

प्रश्न रास्त आहे. आधी वाट सांगते. एम.कॉम.ला पंचावन्न टक्के, मग नेट किंवा सेट. ते झालं तरी नोकरी लगेच नसते; तासिका तत्त्वावर, म्हणजे घेतलेल्या तासांचेच पैसे, अशी बरीच वर्षं जातात. उन्हाळ्यात तास नाहीत, मग पैसेही नाहीत. त्यातच पीएच.डी.ची प्रवेश परीक्षा, संशोधन आराखडा, समितीसमोर सादरीकरण, कोर्सवर्क, दर सहा महिन्यांनी प्रगती अहवाल. कमीत कमी तीन वर्षं, साधारण सहा. शेवटी वाङ्मयचौर्याची तपासणी. दहा टक्क्यांपर्यंत साम्य चालतं. त्यानंतरची मौखिकी हा अर्धा परीक्षेचा आणि अर्धा लग्नघरचा प्रकार असतो: बाहेरून आलेले परीक्षक, माहेरची माणसं, शाल-श्रीफळ आणि जेवणाचा मेनू. प्रबंध 'शोधगंगा' या ऑनलाइन भांडारावर चढतो. मग पदोन्नती. सहयोगी प्राध्यापक व्हायचं तर २०१८च्या यूजीसी नियमांप्रमाणे किमान सात शोधनिबंध हवेत.

आमच्या पिढीला एक सोय झाली. १९९४ साली नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ आलं. त्याआधी सगळी कागदपत्रं औरंगाबादला. औरंगाबादवरून मनमाडला जाणारी मराठवाडा एक्स्प्रेस आता धर्माबादहूनच सुटते हे खरं, पण एका सहीसाठी अख्खा मराठवाडा ओलांडायचा म्हणजे लहान मूल असलेल्या बाईचं संशोधन तिथंच संपायचं. विद्यापीठ जवळ आलं, तशा आमच्या भागातल्या बायका पीएच.डी.ला येऊ लागल्या. विषय निवडताना त्यांनी आपल्या गल्लीत पाहिलं, तर गल्लीत बचत गट होते.

गटांना बँकांशी जोडण्याचं मूळ १९९२चं. नाबार्डने प्रयोग म्हणून पाचशे गट बँकांना जोडायचं ठरवलं, त्यातून ही गावोगावची चळवळ उभी राहिली. महाराष्ट्रात 'माविम', म्हणजे महिला आर्थिक विकास महामंडळ, १९७५पासूनच होतं, पुढं २०११मध्ये 'उमेद' हे ग्रामीण जीवनोन्नती अभियान आलं. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबादकडं आणखी एक धागा आहे. ३० सप्टेंबर १९९३च्या किल्लारी भूकंपानंतर प्रेमा गोपालन यांच्या स्वयम शिक्षण प्रयोग संस्थेने घरबांधणीच्या कामात गावातल्या बायकांना पुढं आणलं. विटा-सिमेंटचा हिशोब तपासणाऱ्या या बायकांमधूनच नंतर गट आणि व्यवसाय निघाले. भूकंपावर आपल्याकडं खूप लिहिलं गेलं. त्या हिशोबाबद्दल मात्र फारसं कुणी बोलत नाही.

आता प्रश्नावलीकडं येते, कारण माझं भांडण तिच्याशी आहे. रेन्सिस लिकर्ट या अमेरिकन संशोधकाने १९३२ साली एक पद्धत मांडली: विधान द्यायचं आणि 'पूर्णपणे सहमत' ते 'पूर्णपणे असहमत' यांतला एक पर्याय घ्यायचा. आमच्याकडं ती प्रसादासारखी वाटली जाते. 'व्यवसायामुळे माझा आत्मविश्वास वाढला', सहमत. 'कुटुंबात माझ्या मताला किंमत आली', पूर्णपणे सहमत. समोर मॅडम बसल्यात, चहा ठेवलाय, गटाच्या अध्यक्षा शेजारी आहेत. असहमत कोण म्हणेल? आकडे संगणकात घातले, काय-वर्ग चाचणी लावली की गृहीतक सिद्ध आणि बाई सक्षम. ही पद्धत वाईट नाही, पण ती झटपट उरकते. सात निबंध मोजणाऱ्या नोकरीत झटपट उरकणाऱ्या पद्धतीचीच चलती होते.

त्याऐवजी कांडपावर जाऊन बसावं. धर्माबाद हे मिरचीचं गाव. तेलंगणा हाकेवर, पलीकडं बासर. बाजारात मराठी, तेलुगू आणि दखनी एकाच वाक्यात ऐकू येतात. होळीपासून मृगापर्यंत मिरची कांडपाला उसंत नसते. मी जिच्याकडं नेहमी जाते त्या अक्का नाकावर पदर बांधून यंत्राशी उभ्या असतात. गिऱ्हाईक देठं काढून, उन्हं दाखवून मिरची आणतं. अक्का मूठभर उचलून नुसती चुरगाळतात आणि दमट असेल तर परत पाठवतात, कारण दमट मिरचीने यंत्र चिकटतं आणि तिखटाला बुरशी येते. ब्याडगी रंगाला, तेजा तिखटाला. कुणाच्या घरी किती तिखट खातात हे त्यांच्या डोक्यात आहे. हळद सकाळी पहिल्यांदा, कारण एकदा मिरची पडली की यंत्र कितीही पुसा, हळदीचं दूधही तिखट लागतं. कच्च्या मालाची परीक्षा, दर्जा, गिऱ्हाइकाची ओळख, कामाचा क्रम. व्यवस्थापनाच्या पहिल्या वर्षाला आम्ही शिकवतो ते सगळं इथं आहे.

पण कागदावर? यंत्रासाठी कर्ज गटातून, अक्कांच्या नावावर. यंत्राची पावती नवऱ्याच्या नावावर. वीजमीटर सासऱ्यांच्या नावावर, आणि ते वारले तरी तसंच. भिंतीवरची क्यूआर कोडची पाटी मुलाच्या खात्याची. सुटे पैसे तेवढे अक्कांच्या डब्यात. मी फॉर्म भरायला घेतला तेव्हा त्या म्हणाल्या, "यंत्र मीच चालवायले, पर नाव त्यांचंच लिवा मॅडम. उद्या काही कागद आला तर बँकेत तेच जातेत."

म्हणजे फेडायची जबाबदारी बाईची आणि मालमत्ता घराची. सरकारी व्याख्येत महिला उद्योग म्हणजे ज्यात भांडवलाचा किमान ५१ टक्के वाटा बाईचा. अक्का त्यात बसतील की नाही, हे मोजणीवाला आला त्या दिवशी दारात कुणी उत्तर दिलं यावर ठरतं. सहाव्या आर्थिक गणनेत देशातल्या सुमारे ५ कोटी ८५ लाख आस्थापनांपैकी ८० लाखांच्या आसपास बायकांच्या मालकीच्या निघाल्या, म्हणजे चौदा टक्क्यांच्या आत. त्यांतल्या दहापैकी आठांहून जास्त ठिकाणी पगारी माणूस नाही, आणि बहुतेकींचं भांडवल स्वतःचंच. हा आकडा प्रत्येक प्रबंधाच्या पहिल्या प्रकरणात असतो. त्यात अक्का मोजल्या गेल्या का, हे पहिल्या प्रकरणात कुणी विचारत नाही.

हे दुखणं आपल्यापुरतं नाही. २०२३चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालेल्या क्लॉडिया गोल्डिन यांनी अमेरिकेची दोनशे वर्षांची कागदपत्रं चाळली. जुन्या नोंदींत लग्न झालेल्या बाईच्या व्यवसायापुढं नुसतं 'पत्नी' लिहिलेलं असायचं, मग ती शेतात राबो नाहीतर नवऱ्याचं दुकान चालवो. त्यांनी इतर नोंदी जुळवून ते काम परत मोजलं. आपल्याकडं १९७४ साली मुंबईच्या एसएनडीटी विद्यापीठात नीरा देसाई यांनी स्त्री-अभ्यासाचं केंद्र उभं केलं, देशातलं पहिलं, तेव्हापासून बाईचं न दिसणारं काम हा अभ्यासाचा विषय आहे. वाणिज्याच्या विभागांपर्यंत तो पोचायला फार वेळ लागला. आमच्यात ताळेबंद दिसला नाही तर धंदाच दिसत नाही.

म्हणून माझ्याकडं येणाऱ्या मुलींना मी सांगते, 'प्रेरणा कुठून मिळाली' हे शेवटी विचारा, जमलं तर विचारूच नका. माल कोण आणतं? दर कोण ठरवतं? उधारी मागायला कोण जातं? आजची रोकड रात्री कुठं असते, आणि जूनमध्ये शाळेची फी आली की ती कशातून जाते? एका मुलीने संक्रांतीपासून मृगापर्यंत काही कांडपवाल्या आणि शेवयांच्या मशीनवाल्या बायकांबरोबर रोजची वही ठेवायचं ठरवलंय. ज्यांना लिहिता येत नाही, त्यांची वही शाळेतली पोरं लिहिणार. आराखड्याच्या सादरीकरणात तिला विचारलं गेलं, नमुना एवढा लहान कसा आणि गृहीतक कुठं आहे? नमुन्यावर ती ठाम राहिली. गृहीतक एक लिहून दिलं, त्याशिवाय फॉर्म पुढं जात नाही: 'कर्ज बाईच्या नावावर असलेल्या व्यवसायांत रोकडीवरचा ताबाही बाईचाच असतो.' खोटं ठरेल असं मला वाटतं. तिला तसं वाटत नाही, आणि वह्या अजून कोऱ्या आहेत.