विजेरीचे तेज व तिचा पल्ला

गोंदिया जिल्हा हा धानाचा व तळ्यांचा प्रदेश. पावसाळ्यात रात्री बांधीतील पाणी पाहावयास जाणाऱ्या शेतकऱ्यास विजेरी ही केवळ सोयीची वस्तू नव्हे. मण्यारीसारखा अतिविषारी साप रात्रीच संचार करितो. म्हणून विजेरीची पारख सर्वांस असावी.

वेष्टनावरील ‘ल्युमेन’चा आकडा विजेरीतून निघणाऱ्या एकंदर प्रकाशाचा होय. तो प्रकाश एका दिशेस किती एकवटला आहे, हे ‘कँडेला’ या मापाने कळते. तेच पाणी बांधीत पसरते व अरुंद पाटातून दूर धावते, तसेच हे आहे.

अंतर दुप्पट झाले की उजेड चौथाई उरतो. साधारण पौर्णिमेच्या चांदण्याइतका, म्हणजे पाव लक्स, उजेड जेथवर पडतो तो विजेरीचा पल्ला मानितात. या हिशेबाने १०,००० कँडेलांची विजेरी २०० मीटर पोहोचते. ४०० मीटरांस मात्र ४०,००० कँडेला लागतात.

शिवाय लहान पण प्रखर विजेऱ्या लौकर तापतात, व पुष्कळांचे तेज काही मिनिटांतच मंदावते. तस्मात् केवळ मोठ्या आकड्यास भुलू नये. तळ्यापलीकडे पाहावयाचे असल्यास एकवटलेल्या झोताची विजेरी घ्यावी. बांधावरून चालताना मात्र पायांपुढील भूमी रुंद उजळणारी, मंद परंतु टिकाऊ प्रकाशाची विजेरीच हाती असावी.