दापोलीचा किनारा, तुमची गाडी आणि पाऊणपटीचं गणित

या विकेंडला दापोलीकडे गाडी काढणार असाल, तर हा भाग निघायच्या आधी ऐका.

रस्ता पटकन सांगतो. केळशी, आडे, आंजर्ले, हर्णै, मुरुड, कर्दे, मग दाभोळ. रस्ता अरुंद आहे, समोरून एसटी आली की मुकाट्याने गाडी मागे घ्यायची. आंजर्ल्याहून हर्णैकडे येताना पाण्यातला सुवर्णदुर्ग दिसतो, तिथे घाई करू नका. दाभोळला वाशिष्ठीची खाडी आडवी येते. गाडीसकट फेरीबोटीत चढायचं आणि पलीकडे धोपाव्याला उतरून गुहागर गाठायचं. शेवटची बोट चुकली तर चिपळूणकडून भलामोठा वळसा पडतो, म्हणून वेळ आधीच विचारून ठेवा.

आता मुद्द्याचं. किनाऱ्यावर गेलं की गाडी वाळूत घालून रील काढायचा मोह होतोच. तिथला माणूस मात्र आधी विचारतो, "आज तिथी काय?" कारण त्याच्याकडे एक फॉर्म्युला आहे. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते. चतुर्थी असेल तर ४ ची पाऊणपट ३. म्हणजे भरती दुपारी आणि पहाटे तीनच्या सुमारास, आणि ओहोटी साधारण सहा तासांनी, नऊला. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे धरा. मी दिवसभर कोड लिहितो, पण एका ओळीत इतकं काम करणारा कोड क्वचितच बघितलाय! लॉजिक साधं आहे. चंद्र रोज साधारण ५० मिनिटं उशिरा येतो, म्हणून भरतीही तेवढी उशिरा. जुन्या लोकांनी त्याचे ४५ धरले, बस्स.

हेच गणित पौर्णिमा किंवा अमावास्येला लावून बघा. १५ ची पाऊणपट सव्वाअकरा. म्हणजे ओहोटी संध्याकाळी साडेपाचच्या आसपास, बरोबर आपण सूर्यास्ताला पोचतो तेव्हा. त्यात हे उधाणाचे दिवस, त्यामुळे पाणी नेहमीपेक्षा लांब गेलेलं असतं. वाळू रुंद, सपाट, टणक; रस्त्यासारखी वाटते. पण जे पाणी इतकं मागे जातं, तेच रात्री सगळ्यात वर चढतं. पहिल्या तासात फारसं कळत नाही. तिसऱ्या-चौथ्या तासात ते सगळ्यात जोरात वाढतं, आणि तोवर अंधार पडलेला असतो.

ओली वाळू टणक वाटते ती पाणी निथरल्यामुळे. चाकाखाली पुन्हा पाणी शिरलं की ती सैल होते, आणि प्रत्येक लाट टायरभोवतीची थोडी वाळू घेऊन जाते. अशा वेळी ॲक्सिलरेटर दाबणं म्हणजे स्वतःच खड्डा खणणं. पाय काढा, सगळ्यांना उतरवा, चाकांपुढची वाळू हाताने उपसा, टायरमधली थोडी हवा सोडा. तेवढ्यात एकाने गावात पळायचं, ट्रॅक्टर शोधायला. पाणी चाकाला लागलं असेल तर गाडीचा नाद सोडून आधी माणसं वर आणा.

खरं तर गाडी वाळूत घालूच नये. आंजर्ल्याच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात. वरून चाक गेलं तर खालचं घरटं संपलंच. सुरूच्या झाडांपाशी गाडी लावा आणि चालत जा.

आणि अष्टमीचा विकेंड मिळाला तर ८ ची पाऊणपट ६. ऐन संध्याकाळी भरती, पण भांगाची, म्हणजे पाणी बेताचंच वर येतं. वाळू कमी मिळेल, लाटा मात्र जवळ येतील.