स्वादुपिंडाच्या गाठीचं नेमकं नाव

स्वादुपिंडाचा कॅन्सर म्हटलं की घरातल्यांचा धीरच खचतो, आणि ती भीती खोटी नाही. पण या एका नावाखाली अगदी निराळे आजार मोडतात. नेहमीचा कॅन्सर पाचकरस वाहणाऱ्या नलिकांच्या पेशींत सुरू होतो आणि झपाट्याने पसरतो. मोजक्या रुग्णांत मात्र गाठ होते ती इन्शुलिनसारखी हार्मोन्स तयार करणाऱ्या पेशींची. पॉल लँगरहान्स यांनी १८६९ मध्ये वर्णिलेल्या पेशींच्या बेटांशी नातं सांगणारी ही न्यूरोएंडोक्राइन गाठ बहुधा सावकाश वाढते आणि तिची औषधंही वेगळी. म्हणून उपचार ठरवण्याआधी, आणि आशा सोडण्याआधी तर नक्कीच, गाठीचा प्रकार आणि ग्रेड रिपोर्टवर आलाच पाहिजे.

कधी गाठच सुगावा देते. ती इन्शुलिन जास्त सोडत असेल तर पहाटे, उपाशीपोटी दरदरून घाम फुटतो, माणूस असंबद्ध बोलतो आणि साखरपाणी पोटात गेलं की भानावर येतो. अशांना फिट येतात असं समजून कित्येकदा भलतेच उपचार चालू राहतात! बाकीच्या गाठी मुक्या असतात. तिथे भिस्त बायोप्सीवर. मेणाच्या ठोकळ्यातून काढलेल्या पातळ कापावर केआय-६७ या प्रथिनाची तपासणी केली की वाढीला लागलेल्या पेशींची केंद्रकं तपकिरी दिसतात. शंभरात तीनपेक्षा कमी असली तर ग्रेड १, तीन ते वीस ग्रेड २, त्यापुढे ग्रेड ३. दुर्मीळ आजारासाठी हा जादा खर्च कशाला, असं कुणी म्हणेल. पण नमुना आधीच काढलेला असतो, आणि चुकीच्या केमोथेरपीपुढे हा खर्च किरकोळ आहे.

सावकाश वाढते म्हणजे थांबायला हरकत नाही, हाही समज धोक्याचा. लहान, मुक्या गाठीवर डॉक्टर नुसती नजर ठेवतात, पण तो निर्णय तपासण्यांवर ठरतो. ॲपलच्या स्टीव्ह जॉब्स यांना अशीच गाठ असल्याचं निदान २००३ मध्ये झालं. शस्त्रक्रिया त्यांनी नऊ महिने लांबवली, तीही पथ्याच्या भरवशावर. लवकर केली असती तर ते वाचले असते का, हे सांगता येत नाही. हातची संधी मात्र गेली. आजार पसरल्यावरही मार्ग उरतात: हार्मोनला आवर घालणारी इंजेक्शनं, एव्हरोलिमस किंवा सुनिटिनिबच्या गोळ्या, आणि गाठीच्या पेशींना चिकटून आतून किरणांचा मारा करणारं ल्युटेशियम-१७७. हे ल्युटेशियम तुर्भ्याच्या ध्रुव अणुभट्टीत तयार होतं आणि परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये रुग्णांना दिलं जातं. पण आधी गॅलियमच्या पेट स्कॅनमध्ये गाठ उजळावी लागते. नाही उजळली, तर ते औषध तिला चिकटणारच नाही.