कृत्रिम प्रवासी व त्यांचे क्रमांक

बंगळूरच्या दक्षिणेस, होसूरकडे जाणाऱ्या राजमार्गालगत, बोम्मसंद्रा नावाची मोठी औद्योगिक वसाहत आहे. मेट्रो रेल्वेच्या पिवळ्या मार्गिकेचे उद्घाटन १० ऑगस्ट २०२५ रोजी झाले आणि ही वसाहत शहराच्या मध्यभागाशी रुळांनी जोडली गेली. राष्ट्रीय विद्यालय रस्त्यापासून इलेक्ट्रॉनिक सिटीमार्गे येणाऱ्या, सुमारे १९ किलोमीटर लांबीच्या ह्या मार्गावर १६ स्थानके असून बोम्मसंद्रा हे त्यांतील शेवटचे होय. मेट्रोची नवी गाडी लोकांसाठी खुली करण्यापूर्वी तिची चाचणी घेतात. भरलेल्या डब्यांत प्रवाशांचे जेवढे वजन होईल तेवढ्या वजनाची वाळूची पोती डब्यांत रचून गाडी निरनिराळ्या वेगांनी चालविली जाते व तिच्या हादऱ्यांचे मापन होते. ह्या कामापुरते वाळूचे पोते प्रवाशाची जागा पुरेपूर भरून काढते. सर्व पोती एकसारखी असली तरी काही बिघडत नाही. चाकाला प्रवाशाचे नाव ठाऊक नसते.

तिकिटे देणाऱ्या संगणकाची गोष्ट निराळी आहे. मोबाइलवर घेतलेल्या तिकिटाचा क्यूआर संकेत दाराशी दाखविला म्हणजे दार उघडते. दोन प्रवाशांस चुकून एकच संकेत मिळाला तर पहिला आत जाईल आणि दुसरा बाहेर ताटकळत राहील. कामावर जाण्याच्या वेळी हजारो लोक जवळजवळ एकाच क्षणी तिकीट मागतात. हा भार संगणकास पेलेल काय, हे अगोदर पाहावयाचे असेल तर वाळूच्या पोत्यांऐवजी कृत्रिम प्रवासी निर्माण करावे लागतात. १९९८ पासून प्रचारात असलेल्या जेमीटरसारख्या आज्ञावली हेच कार्य करतात. एकच यंत्र शेकडो ग्राहकांचे सोंग घेते. प्रत्येक सोंगाड्या नाव, मोबाइल क्रमांक व इतर तपशील भरून अर्ज पाठवितो आणि उत्तर येण्यास किती वेळ लागला, त्याची नोंद करतो. परंतु हे सोंगाडे पोत्यांप्रमाणे एकसारखे असून मुळीच चालत नाहीत.

ह्याचे कारण ग्रंथालयाच्या उदाहरणाने स्पष्ट होईल. एखाद्या ग्रंथपालाची तत्परता जोखण्यासाठी हजार माणसे पाठविली आणि त्या सर्वांनी एकाच पुस्तकाची मागणी केली, असे समजावे. पहिल्या मागणीस ग्रंथपाल कपाटापर्यंत जाईल. पुढे मात्र तो शहाणपणाने ते पुस्तक मेजावरच ठेवील व प्रत्येकास क्षणात दाखवील. परीक्षकाने वहीत टिपून घ्यावे की हे ग्रंथालय अत्यंत जलद आहे! प्रत्यक्षात वाचक येतील ते हजार निरनिराळी पुस्तके मागतील, आणि ग्रंथपालाची कपाटांमधील धावपळ त्या दिवशी प्रथमच उघडकीस येईल. संगणकही अलीकडे मागितलेली माहिती अशीच हाताशी ठेवतो. तेव्हा सर्व सोंगाड्यांनी एकच क्रमांक विचारला, तर चाचणी होते ती त्या मेजाची. कपाटांची होतच नाही.

नवी नोंद करावयाची असता हा घोटाळा अधिक गंभीर होतो. एका मोबाइल क्रमांकावर एकच खाते, असा नियम असेल तर पहिला अर्ज स्वीकारला जाईल आणि उरलेले सर्व ‘हा क्रमांक पूर्वीच नोंदलेला आहे’ ह्या उत्तरासह परत येतील. नकार देण्यास नोंद करण्याहून पुष्कळ कमी श्रम पडतात. परिणामी सरासरी वेळ उत्तम दिसतो आणि काम मात्र काहीच झालेले नसते. ह्याच्या अगदी उलटही घडते. अनेक सोंगाडे एकाच नोंदीत एकाच वेळी फेरफार करू लागले, तर माहितीकोश त्यांना रांगेत उभे करतो. मग जी कोंडी खऱ्या जगात कधीच झाली नसती ती चाचणीत दिसते आणि अभियंते नसलेल्या दोषामागे धावतात.

अशा चाचणीवर किती अवलंबून असते, ह्याचा अनुभव भारताने २८ एप्रिल २०२१ रोजी घेतला. करोनाची दुसरी लाट भरात होती. १८ ते ४४ वर्षे वयाच्या नागरिकांसाठी कोविन ह्या व्यवस्थेत लसीची नावनोंदणी सायंकाळी ४ वाजता खुली झाली. प्रारंभी अनेकांना पान उघडेना, अनेकांच्या मोबाइलवर ओटीपी येईना. तरी दिवस संपेपर्यंत एक कोटीहून अधिक लोकांची नोंद झाली. त्या नोंदणीचा एक नियम येथे लक्षात घेण्याजोगा आहे. एका मोबाइल क्रमांकावर त्या वेळी चार व्यक्तींची नावे देता येत. ओळखपत्राचा क्रमांक मात्र प्रत्येकाचा स्वतंत्र लागे. अशा व्यवस्थेची नक्कल करताना ओळखपत्रे सर्व भिन्न हवीत, पण मोबाइल क्रमांक काही घरांत सामाईक हवेत. जन्मतारखा पुन्हा पुन्हा येतील, पाटील व जाधव ही आडनावेही येतील. सरसकट सर्वच मूल्ये वेगळी करणे हीदेखील एक प्रकारची खोटी साक्षच होय.

आता प्रश्न असा की, लाखो भिन्न क्रमांक आणावयाचे कोठून? सर्वप्रथम सुचणारा उपाय म्हणजे यदृच्छेने, सोडतीप्रमाणे अंक उचलणे. सहा अंकी क्रमांक दहा लाख आहेत आणि अर्ज केवळ दहा हजार. मग पुनरुक्ती क्वचितच होईल, असे वाटते. गणित वेगळेच सांगते. दहा हजार अर्जांतून दोनदोनच्या जोड्या लावल्या तर त्या सुमारे पाच कोटी होतात, आणि प्रत्येक जोडी जुळण्याची शक्यता दहा लाखांत एक आहे. म्हणजेच सुमारे पन्नास ठिकाणी टक्कर होणार. किंबहुना १,२०० क्रमांक उचलण्यापूर्वीच एखादी पुनरुक्ती झालेली असण्याचा संभव निम्म्याहून अधिक असतो. वर्गात २३ विद्यार्थी असले की दोघांचा वाढदिवस एकाच तारखेस येण्याचा संभव निम्म्याहून अधिक होतो, त्यातलाच हा प्रकार. ज्यांस हे खरे वाटत नसेल त्यांनी आपल्या शाळेतील वर्गांची हजेरीपुस्तके तपासून पाहावीत.

अंकांची उलथापालथ करून नवे क्रमांक मिळविण्याची युक्तीही वाटते तितकी सुरक्षित नाही. देवळाली येथील शाळाशिक्षक दत्तात्रय रामचंद्र कापरेकर ह्यांनी १९४९ साली एक नवल दाखवून दिले. चारही अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्यावी. तिचे अंक उतरत्या क्रमाने व चढत्या क्रमाने मांडून मोठीतून लहान वजा करावी आणि हीच क्रिया पुढे चालू ठेवावी. ३५२४ घेतली तर ५४३२ उणे २३४५ म्हणजे ३०८७, त्यावरून ८३५२, आणि त्यावरून ६१७४. पुढे ६१७४ वरून पुन्हा ६१७४ च येते. कोठूनही आरंभ केला तरी जास्तीत जास्त सात पायऱ्यांत हाच मुक्काम! गणिताच्या रसिकास हा आनंद आहे. परंतु निरनिराळे क्रमांक हवे असणाऱ्यास हा धोक्याचा कंदील आहे. त्याच सुमारास जॉन फॉन नॉयमान ह्यांनी यादृच्छिक अंकांसाठी अशी रीत सुचविली होती की, संख्येचा वर्ग करावा आणि मधले चार अंक पुढील संख्या म्हणून घ्यावेत. २५०० चा वर्ग आठ अंकांत लिहिला तर ०६२५०००० होतो, आणि मधले अंक पुन्हा २५००. यंत्र तेथेच अडकते. अंक ढवळले गेले म्हणजे ते भिन्न राहतीलच, असा भरवसा देता येत नाही.

घड्याळाचा आधार घेण्याची रीत फार रूढ आहे. प्रत्येक अर्जास त्या क्षणाची वेळ मिलिसेकंदापर्यंत क्रमांक म्हणून द्यावयाची. एक यंत्र सावकाश अर्ज पाठवीत असेल तोवर ठीक. परंतु सेकंदास दहा हजार अर्ज निघू लागले की प्रत्येक मिलिसेकंदाच्या वाट्याला सरासरी दहा अर्ज येतात आणि भार वाढविताच रीत कोसळते. भारचाचणीत नेमकी हीच वेळ महत्त्वाची असते.

खात्रीची रीत साधी आहे, व टपालखात्याला ती चांगली परिचित आहे. एकाच नावाची अनेक गावे आणि निरनिराळ्या लिप्यांतील पत्ते ह्यांमुळे होणारा गोंधळ टाळण्यासाठी १५ ऑगस्ट १९७२ रोजी भारतात सहा अंकी पिन संकेत सुरू झाला. त्याची योजना श्रीराम भिकाजी वेलणकर ह्या संस्कृत कवी असलेल्या अधिकाऱ्यांची होती. बोम्मसंद्र्याचा संकेत ५६००९९ आहे. त्यातील ५ हा अंक कर्नाटक, आंध्र प्रदेश व तेलंगण ह्यांच्या विभागाचा. ५६० म्हणजे बंगळूर. अखेरचे तीन अंक बटवड्याच्या कचेरीचे. पुण्यातील कचेरीस ०९९ हे अंक मिळाले तरी बंगळूरशी गल्लत होत नाही, कारण त्यांच्या आधीचे अंकच निराळे आहेत. एकमेकांस विचारण्याची कोणालाच गरज उरत नाही.

सोंगाड्यांनाही असेच वतन वाटून देता येते. पहिले दोन अंक यंत्राचे, पुढील चार त्या यंत्रातील सोंगाड्याचे आणि शेवटचे चार त्याने आजवर पाठविलेल्या अर्जांच्या मोजणीचे. सातव्या यंत्रावरील ३१२ व्या सोंगाड्याचा ४५ वा अर्ज ०७०३१२००४५ ह्या क्रमांकाने जाईल, आणि दुसऱ्या कोणाकडूनही हा क्रमांक निघणे शक्य नाही. हीच चाचणी उद्या पुन्हा घ्यावयाची असेल तर आजच्या नोंदी कोशात शिल्लक असतात, हे विसरता कामा नये. म्हणून आरंभी चाचणीचा अनुक्रमांकही जोडतात.

ओळीने येणाऱ्या क्रमांकांत एक उणीव राहते. शेजारशेजारच्या नोंदी कोशात बहुधा एकाच कप्प्याजवळ जातात, तर खऱ्या ग्राहकांचे क्रमांक सर्वत्र विखुरलेले असतात. ह्यावर शाळेतील गुणाकार पुरतो. १, २, ३ ह्या मोजणीस ३७ ने गुणून शेवटचे दोनच अंक ठेवावेत: ३७, ७४, ११, ४८, ८५, २२... पाहणाऱ्यास क्रम दिसत नाही, आणि तरीही शंभरही क्रमांक येऊन गेल्याशिवाय एकही परत येत नाही. ३७ च्या ऐवजी ३५ घेतले तर विसाव्या क्रमांकानंतरच पुनरावृत्ती सुरू होते; कारण ३५ व १०० ह्यांना ५ हा सामाईक विभाजक आहे. जेथे क्रमांकाच्या लांबीवर बंधन नाही तेथे यूयूआयडी नावाची लांबलचक मूल्ये वापरतात. त्यांच्या यदृच्छ प्रकारातील शक्यतांची संख्या ३७ अंकी असल्यामुळे टकरीचे भय व्यवहारात उरत नाही.

क्रमांक भिन्न झाला म्हणजे काम संपले असेही नाही; तो कोणाचा तरी असू शकतो. भारतातील मोबाइल क्रमांक दहा अंकी असून ६ ते ९ ह्यांपैकी एका अंकाने सुरू होतात. असे क्रमांक ४०० कोटी संभवतात, आणि वापरातील जोडण्या ११० कोटींच्या आसपास आहेत. म्हणजे मनाने लिहिलेल्या चार क्रमांकांपैकी एक कोणा तरी जिवंत माणसाच्या खिशात वाजेल! एक लाख कृत्रिम ग्राहकांना ओटीपी पाठविला, तर पंचवीस हजार अनोळखी लोकांना तो मध्यरात्री मिळण्याचा संभव आहे. आधार क्रमांकाचीही गोष्ट अशीच. नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली गावी २९ सप्टेंबर २०१० रोजी ज्याचे वाटप सुरू झाले, त्या बारा अंकी क्रमांकाचा अखेरचा अंक डच गणिती फेरहूफ ह्यांच्या १९६९ च्या रीतीने आधीच्या अकरा अंकांवरून ठरतो. वाटेल ते बारा अंक लिहिले तर दहांपैकी नऊ वेळा ते दाराशीच नाकारले जातात. रीत पाळून बनविले तर मात्र साधारणतः साठांत एक क्रमांक खऱ्या नागरिकाचा निघेल. म्हणून जाणते परीक्षक संदेश धाडणाऱ्या यंत्रणेच्या जागी एक मुका दूत बसवितात. तो प्रत्येक संदेश स्वीकारतो व कोठेच पोहोचवीत नाही. पत्रासाठी एक्झाम्पल डॉट कॉम हे नाव वापरतात, कारण ते १९९९ पासून केवळ उदाहरणांसाठी राखून ठेवलेले आहे.

चाचणी संपली की अभियंते प्रथम वेळेचे आलेख पाहत नाहीत. निदान पाहू नयेत. पाठविलेले अर्ज किती आणि कोशात नव्याने झालेल्या नोंदी किती, ही मोजणी आधी करावयाची असते. दहा हजार अर्ज गेले व ९,९५० नोंदी सापडल्या, तर उरलेल्या पन्नासांचे काय झाले हे समजेपर्यंत तो आलेख बाजूस ठेवलेला बरा.